लेप आणि कल्हई

उन्हाळ्याच्या सुटींत गांवीं जाण्याचा आमचा नेम गेलीं तीस वर्षें चालला आहे. त्यांत हौस किती आणि संवय किती हें सांगणें कठीण. गांव म्हणजे धावडा. तालुका भोकरदन, जिल्हा जालना. आमच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र जिल्हा औरंगाबाद असा आहे, कारण जालना जिल्हा १९८१ सालीं वेगळा झाला आणि आमचा जन्म त्याच्या आधींचा. (आतां त्या जुन्या जिल्ह्याचें नांवही पालटलें असल्यामुळें तो दाखला दुहेरी इतिहासजमा झाला आहे.) अजिंठ्याचे डोंगर दूर नाहींत, पण मे महिन्यांत झळा परतवून गांवावर टाकण्यापलीकडे त्यांचा कांहीं उपयोग होतो असें आमच्या अनुभवास आलेलें नाहीं.

यंदा आम्ही पोंचलों तेव्हां दुपारचे तीन वाजले होते. ओसरीवर चिटपांखरूं नव्हतें. आंतल्या खोलींतून मात्र पिठाची गिरणी चालावी तसा घरघराट ऐकूं येत होता. पाहतों तों आमचा पुतण्या नुसत्या बंडीवर बसलेला, पुढें पाटावर दोन विटा, विटांवर त्याचा लॅपटॉप, आणि घरांतल्या एकुलत्या एक टेबलफॅनचें तोंड त्या लॅपटॉपकडे वळविलेलें. स्वतः पुतण्याला वाऱ्याची झुळूकही लागत नव्हती आणि त्याबद्दल त्याची तक्रारही दिसली नाहीं. मांडीवर ठेवावयाचें म्हणून या यंत्राला लॅपटॉप म्हणतात, असें आम्ही वर्गांत शब्दांच्या जन्मकथा सांगतांना मोठ्या ऐटीनें सांगत आलों आहों. हें यंत्र कोणी मांडीवर घेतलें असतें तर मांडी पोळून निघाली असती.

हा लॅपटॉप साधा नव्हे, गेमिंगचा. म्हणजे ज्याच्यावर युद्धाचे आणि मोटारींच्या शर्यतींचे अवघड खेळ खेळतां येतात असा. दोन वर्षांपूर्वीं दादांनीं, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंनीं, मिरचीच्या पैशांतून तो ७२ हजार रुपयांस घेऊन दिला. घेण्यापूर्वीं त्यांनीं आमचा सल्ला विचारला होता, आणि “खेळण्यासाठीं एवढी रक्कम?” असें आम्ही टेलिफोनवर कांहींशा खालच्या आवाजांत म्हणालों होतों. पोरगा अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून यंत्रभागांचे घनाकृति आराखडे काढावयालाही असेंच दणकट यंत्र लागतें, ही माहिती आम्हांस नव्हती. आणि नव्हती म्हणून आम्हीं मत द्यावयाचें थांबविलें असें मात्र झालें नाहीं. दादांनीं आमचें ऐकून घेतलें आणि यंत्र घेतलें. तेव्हांपासून त्या लॅपटॉपविषयीं आमच्या मनांत एक बारीकशी अढी होती, हें आतां कबूल करावयास हरकत नाहीं.

रात्रीं जेवणें झाल्यावर दादांनीं विषय काढला. “मास्तर, हे यंत्र लई तापतंय. पोरगं म्हणतं आत पातळ धातू लावायचा. एवढीशी नळी आहे, सुईसारखी. लावू द्यावा का नाही, तूच सांग. तू शिकेल माणूस.”

दादांचें शिक्षण सातवींत थांबलें, तें आमचें थांबूं नये म्हणून. ही गोष्ट ते कधीं बोलून दाखवीत नाहींत. “तू शिकेल माणूस” हें वाक्य मात्र ते वर्षांतून एकदां तरी उच्चारतात, आणि तें अगदीं सरळ मनानें उच्चारतात हीच त्यांतली अडचण आहे. इंग्रजी कादंबरीवर आम्ही दोन तास बोलूं शकतों. यंत्राच्या पोटांत काय लावावें याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. “उद्यां सांगतों,” असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. नंतर पुतण्याला गच्चीवर बोलावलें आणि म्हटलें, “आतां तूं शिकव.”

तो शिकवूं लागला, आणि शिकवतांना आमच्यापेक्षां कमी शब्द वापरतो असें आमच्या ध्यानांत आलें. कोणत्याही लॅपटॉपचा जीव म्हणजे नखाएवढी एक चकती. तिच्यावरचें क्षेत्र दीड चौरस सेंटिमीटर धरा आणि खेळाच्या ऐन रंगांत ती ६० वॅट शक्ति खाते असें धरा. म्हणजे चौरस सेंटिमीटरमागें ४० वॅट झाले. आपली १,००० वॅटची इस्त्री घेतली तर तिच्या तळाला तेवढ्याच जागेमागें पांचांच्या आसपास पडतात. म्हणजे इस्त्रीच्या आठपट धग एका नखांत! ती उचलून बाहेर नेण्यासाठीं चकतीवर तांब्याचा पत्रा, पत्र्याला तांब्याच्या नळ्या, नळ्यांच्या टोंकांना बारीक पाकळ्या आणि पाकळ्यांवर वारा घालणारे पंखे. चकतीचें तापमान शंभराच्या घरांत गेलें म्हणजे ती स्वतःचा जीव वाचविण्यासाठीं आपली गति कमी करते. पुतण्याची चकती ९७ अंशांवर जाऊन अडत होती, आणि आराखडा फिरवावयाला घेतला कीं चित्र धक्के खात होतें. शहरांतल्या एका दुरुस्तीच्या दुकानांत त्यानें दाखविलें. तेथें पंखा बदलून २,४०० रुपये घेतले आणि महिन्याभरांत आजार पूर्वपदावर आला.

खरी मेख चकती आणि तांब्याचा पत्रा यांच्या मध्यें आहे. दोन्ही डोळ्यांना आरशासारखीं गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्म नजरेनें पाहिलें तर दोहोंवर डोंगरदऱ्या. दऱ्यांत हवा भरून राहते, आणि हवेइतकी उष्णतेची कंजूष वाहक दुसरी नाहीं. तांब्यापुढें ती पंधरा हजारांश भरते. म्हणून मध्यें लेप द्यावयाचा. हा लेप म्हणजे सिलिकोनच्या तेलांत खललेली जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भस्माची पूड. वैद्याच्या खलांत शोभेल अशी ही वस्तु दोन-तीन वर्षांत तापून, निवून, बाजूंनीं ओघळून सुकून जाते, आणि दऱ्या पुन्हां उघड्या पडतात.

लेपाच्या जागीं पातळ धातु लावला तर? तो मुख्यतः गॅलियमचा. त्यांत इंडियम आणि कथील मिसळलेलें असतें, त्यामुळें तो खोलींतल्या साध्या हवेंतही पाऱ्यासारखा पातळ राहतो. जाहिरातींतले आंकडे बाजूला ठेविले तरी तो चांगल्या लेपाच्या दुप्पट-तिप्पट उष्णता वाहतो. २०२० सालीं निघालेल्या प्लेस्टेशन ५ या खेळयंत्रांत तो कारखान्यांतच लावलेला असतो, असें पुतण्यानें सांगितलें.

गॅलियम म्हणतांच आम्हांला जुनी ओळख निघाल्याचा आनंद झाला. या धातूचें भाकीत मेंडेलीव्ह यानें १८७१ सालीं कागदावर करून ठेविलें होतें. चार वर्षांनीं, १८७५ सालीं, द ब्वाबोद्रां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें तो प्रत्यक्ष शोधून काढला आणि त्याची घनता ४.७ भरली असें प्रसिद्ध केलें. ज्यानें धातु डोळ्यांनीं पाहिला नव्हता त्या मेंडेलीव्हनें रशियांतून कळविलें कीं, तुमचा नमुना शुद्ध नसावा, घनता ५.९ च्या जवळ भरली पाहिजे. नमुना शुद्ध करून पुन्हां मोजला तेव्हां ती ५.९ भरली. हा किस्सा आम्ही दरसालीं वर्गांत सांगतों, कारण पुस्तकी माणसाचा असा विजय विरळा. पुतण्यानें तो शांतपणें ऐकून घेतला आणि म्हणाला, “काका, पण आपल्या पत्र्यावर निकेलचा मुलामा आहे का नाही, हे उघडल्याशिवाय कळणार नाही.”

हा प्रश्न त्यानें कां काढला तें दुसऱ्या दिवशीं कळलें. गॅलियमला ॲल्युमिनियमचें वावडें आहे, असें त्याच्या वाचनांत आलें होतें. वाचलेलें खरें कीं खोटें हें पाहावें असा हट्ट आम्हीं धरला. निदान येथें तरी आमचा कांहीं उपयोग व्हावा अशी इच्छा. वहिनींच्या मांडणीवर ॲल्युमिनियमचें एक पोंचे आलेलें जुनें झांकण होतें. त्याच्या कडेला कानशीनें थोडें घासून पुतण्यानें नळींतला मोहरीएवढा थेंब त्यावर सोडला आणि सुईच्या टोंकानें चोळला. थेंब चकाकत बसला. दुसरें कांहीं झालें नाहीं. आम्ही किंचित् निराश होऊन झोंपलों. सकाळीं उठून त्या जागीं आंगठा दाबला तों खारी बिस्किट मोडावें तशी कड मोडून हातांत आली. आंतून राखाडी, भुसभुशीत. दादांनींही आंगठा दाबून पाहिला. आणखी एक तुकडा पडला. “वाळवी लागल्यावाणी झालं की,” ते म्हणाले, आणि यंत्राकडे त्यांनीं अशा नजरेनें पाहिलें कीं आम्हांला त्या ७२ हजारांमागचीं मिरचीचीं पोतीं मोजतां यावीं. वहिनींचें म्हणणें निराळेंच होतें: प्रयोगाला बाजारांतून पत्रा आणतां येतो, संसारांतलीं भांडीं कशाला?

तांब्याशीं हा धातु असा दावा धरीत नाहीं. तो त्याच्यांत हळूहळू मुरतो, डाग पाडतो, इतकेंच. लावण्याची कृति पुतण्यानें समजावून दिली: तांबें स्वच्छ घासावयाचें, थेंब सोडावयाचा आणि कापसाच्या बोळ्यानें चोळीत राहावयाचें. आरंभीं थेंब पळतो, पसरावयास नाकारतो. मग एकाएकीं तांबें त्याला धरतें आणि रुपेरी साय पसरत जाते.

हें आम्हीं पाहिलेलें आहे. पन्नास वर्षांपूर्वीं याच अंगणांत पाहिलेलें आहे. कल्हईवाला यावयाचा, जमिनींत खळगा करून भाता बसवावयाचा, पातेलें निखाऱ्यांवर लालसर होईपर्यंत फिरवावयाचा. नवसागराची चिमूट पडली कीं पांढरा धूर आणि नाकाला झोंबणारा तो वास. मग कथलाची कांडी एकदां टेंकवावयाची आणि कापसाच्या बोळ्यानें एक गिरकी. काळें तांबें पाहतां पाहतां चांदीचें होऊन जाई. दादा भाता ओढावयाला बसत, कारण भाता ओढणाऱ्या पोराच्या घरचें एक भांडें कल्हईवाला फुकट करून देई. आम्ही लहान म्हणून नुसते पाहत असूं. कथील तेंच, कापूस तोच, तांबें तेंच. एवढेंच कीं कथील वितळावयाला २३२ अंश लागतात, आणि या नळींतल्या मिश्रणाला विस्तवच लागत नाहीं. पुतण्याला हें सांगितलें तेव्हां त्यानें प्रथमच आमच्याकडे थोड्या आदरानें पाहिलें असा आमचा समज झाला. त्यानें कल्हई पाहिलेली नव्हती. घरांत आतां सगळें स्टीलचें.

निर्णय अखेर त्याचा त्यानेंच केला, आणि तो करतांना दिलेलीं कारणें आम्हांला परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत मिळालीं असतीं तर आम्हीं पैकीच्या पैकी गुण दिले असते. धातु वीजवाहक आहे. चकतीच्या भोंवतीं वाळूच्या कणाएवढे विजेचे भाग उघडे आहेत. आणि हें यंत्र टेबलावर राहणार नसून आठवड्यांतून दोनदां पाठीवरच्या पिशवींतून एसटीनें जाणार-येणार आहे. रस्त्याच्या धक्क्यांनीं एक थेंब सरकला तर यंत्र संपलें. “घरात बसलेल्या यंत्राला लावला असता,” तो म्हणाला. नळी त्यानें टोपण घट्ट लावून ठेवून दिली. तिचे बाराशें रुपये फुकट गेले असें दादा म्हणाले नाहींत. आम्हींही म्हटलें नाहीं.

संध्याकाळीं उन्हें कलल्यावर यंत्र उघडलें. पहिल्यानें विजेरीची जोडणी काढली. स्क्रू जेथले तेथें राहावेत म्हणून वहिनींच्या मसाल्याच्या डब्याचें झांकण पालथें घालून त्यावर क्रमानें ठेविले. ती कामगिरी आमच्याकडे होती आणि आम्हीं ती चोख बजावली. पंखे काढतांच पाकळ्यांच्या तोंडाशीं नमद्यासारखी एक पट्टी निघाली. धूळ, आणि धुळींत गुंतलेले कापसाचे तंतु. ज्या घरांत हिंवाळ्यांत कापूस आढ्याला टेंकतो त्या घरांतलें यंत्र दुसरें काय श्वासांत घेणार? दुकानांत पंखा बदलला होता, पट्टी मात्र जागच्या जागीं होती. जुना लेप खडूसारखा सुकला होता. तो स्पिरिटानें पुसला, नवा वाटाण्याएवढा ठेविला, पत्रा आडव्या-तिडव्या क्रमानें कसला.

रात्रीं मोजलें तों तोच खेळ, तीच खोली, आणि ९७ च्या जागीं ८५. बारा अंशांचें श्रेय लेपाला किती आणि कापसाला किती, हें कोणालाही सांगतां येणार नाहीं, कारण दोन्ही गोष्टी आम्हीं एकाच बैठकींत उरकल्या. प्रयोगशाळेंत अशी चूक केली असती तर बोलणीं खावीं लागलीं असतीं. आणखी एक गोष्ट पुतण्यानें दाखवून दिली. खोली जितकी तापेल तितकी चकतीही वर सरकते. महाबळेश्वरीं बावीस अंशांत बसून हेंच यंत्र चालविलें तर कांहीं न करतां वीस अंश वांचले असते. लेप कितीही भारी आणला तरी धावड्याचा मे महिना त्याच्या हिशेबांत राहणारच.

अकराच्या सुमारास दादा शेतावरून पाणी पाहून परत आले. खोलींत पुतण्या खेळत होता, आम्ही शेजारीं सतरंजीवर बसून, कोण कोणास मारतो आहे हें समजून घेण्याचा प्रयत्न करीत होतों. गिरणीचा आवाज अजिबात नव्हता. दादा दाराशीं उभे राहून क्षणभर ऐकत राहिले आणि समाधानानें म्हणाले, “लेप चांगला बसला. आवाज पार गेला.”

“बाबा,” पुतण्या मान वर न करतां म्हणाला, “लाईट गेलेली आहे. बॅटरीवर ते हळूच चालतं.”

तेव्हां कोठें आमच्या लक्षांत आलें कीं टेबलफॅन बंद होता आणि आम्ही सगळेच घामानें भिजलों होतों. दादा हंसले, पंचानें मान पुसली आणि आंत येऊन आमच्या शेजारीं सतरंजीवर बसले. “बरं,” ते म्हणाले, “यातला आपला कोणता?”