दुसरा फेरा

गेल्या श्रावणांतील गोष्ट. शाळेंतून घरीं परतत असतां मी व माझा धाकटा भाऊ हातांत हात घालून गांवचा ओढा ओलांडीत होतों. पाणी एकाएकीं वाढलें. मी धांवत कांठावर आलों. तो मागें राहिला. एका गुराख्यानें त्याला ओढून बाहेर काढलें. "हात निसटला," असें मीं घरीं सांगितलें, व सर्वांनीं तें खरें मानलें.

पुढें नाताळच्या सुटींत नामदेव जाधव ह्या शिपायाची हकीकत माझ्या वाचनांत आली.

नामदेव जाधव हे अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील निमज गांवचे. जन्म १९२१ सालचा. दुसऱ्या महायुद्धांत ते पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणींत होते. त्यांचें काम कंपनीचे निरोप पोहोंचविण्याचें. ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींतील सेनिओ नदीवर चढाई झाली. नदी कांहीं मोठी नव्हे. पण दोन्ही तीरांवर उंच, उभे बांध, बांधांच्या पोटांत शत्रूचीं ठाणीं आणि वाटेंत पेरलेले सुरुंग. नदी ओलांडणाऱ्या तुकडीवर मशीनगनांचा असा मारा झाला कीं, कंपनीचे अधिकारी, आणखी दोन सोबती व नामदेव एवढेच काय ते वांचले. पैकीं नामदेवांखेरीज बाकीचे तिघेही जखमी होते.

नामदेवांनीं प्रथम एका जखमी सोबत्याला उचललें. खोल पाण्यांतून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यांतून त्याला सुरक्षित जागीं नेलें. तेथेंच ते थांबते, तर त्यांना कोणीं दोष दिला असता? परंतु ते परत फिरले, व त्याच वाटेनें, त्याच माऱ्यांत, दुसऱ्या जखमी सोबत्यालाही घेऊन आले.

मग ते शत्रूच्या ठाण्यांवर तुटून पडले. पहिलें ठाणें बंद पाडलें. हात जखमी झाल्यामुळें बंदूक चालविणें अशक्य झालें, तेव्हां ती टाकून हातबाँब घेतले व आणखी दोन ठाणीं उद्ध्वस्त केलीं. शेवटीं बांधाच्या माथ्यावर चढून त्यांनीं मराठ्यांची रणगर्जना केली, आणि मागच्या कंपन्यांना हात करून पुढें बोलाविलें.

ह्या पराक्रमाबद्दल त्यांना 'व्हिक्टोरिया क्रॉस' मिळाला. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांतील हा सर्वोच्च शौर्यसन्मान १८५६ सालीं स्थापन झाला; हिंदी शिपायांस तो १९११ पर्यंत खुलाच नव्हता. ब्रॉंझचा साधा क्रूस, व त्यावर 'शौर्यासाठीं' ह्या अर्थाचे शब्द. नामदेव जाधव १९८४ सालीं पुण्यास वारले.

तीन ठाण्यांचा पराक्रम थोर खराच. पण माझें मन अडलें तें त्या दुसऱ्या फेऱ्यापाशीं. पहिल्या वेळीं संकटाची पुरती कल्पना नसते. दुसऱ्या वेळीं तें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. तें पाहूनही जो फिरतो, तोच खरा शूर.

आमच्या ओढ्यावर गोळीबार नव्हता, सुरुंग नव्हते. तरी मी परत फिरलों नाहीं. भावाचा हात निसटला नव्हता. मींच तो सोडला होता. हा अंक वडिलांच्या हातीं पडेल, हें जाणूनच मी हें लिहीत आहें. धाकट्याला मात्र मीं आधींच सांगितलें. तो म्हणाला, "दादा, मला ठाऊक होतें."

आम्ही अजून त्याच ओढ्यावरून शाळेस येतों. आतां मी त्याला पुढें घालतों व स्वतः मागून चालतों.