आधी लिहून दाखवा

हैदराबादेतल्या आमच्या पिढीच्या मराठी घरांत शाई निवडायची ती तीन लिप्यांचा विचार करून. आजोबांच्या कपाटातले जुने हिशेब मोडीत होते. त्यांचं उच्च शिक्षण उर्दूत झालेलं, कारण 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमच उर्दू होतं. आणि आम्ही जात होतो जांबागेतल्या विवेकवर्धिनीसारख्या शाळांत, जिथे 1907 सालापासून बालबोध मराठीचा कित्ता गिरवला जात होता. मोडी हात न उचलता धावायची, तिला झरझर वाहणारी शाई हवी. उर्दूच्या नस्तालीक लिपीतल्या लांब पसरट फराट्याची कड स्वच्छ राहायला हवी, म्हणून तिला दाट, गच्च काळी. बालबोध दोन्हींच्या मधली. घरात दौती वेगळ्या, बोरूचे कापही वेगळे. देवनागरीच्या बोरूचं तोंड रोमन लिपीच्या निबेच्या उलट बाजूला तिरकं कापतात, हे आम्हाला पुस्तकातून कळलं नाही. चुकीच्या कापाचा बोरू घेतला की अक्षराचा जाड भाग भलतीकडेच यायचा, त्यातून ते कळलं.

आता कॅलिग्राफीचं पेन घरपोच येतं. पायलटचं पॅरलल पेन घ्या, दोन धातूच्या पट्ट्यांमधून शाई उतरते आणि पहिल्याच ओळीला कड अशी येते, जी आम्हाला महिनोन्‌महिने साधली नव्हती. शाईसाठी मोबाइल उघडायचा. निळ्याच्याच इतक्या छटा समोर येतात की अंगठा दुखतो. एखादी लाल झाक मारणारी, एखादी सोनेरी चकाकीची. जपानी बाटली तर इतकी देखणी की शाई संपली तरी टाकवत नाही.

आमच्याकडे मुळात रंग निवडायचा प्रश्नच फारसा नव्हता. निळी, निळी-काळी, काळी, लाल. आणि हिरवी साहेबांची, म्हणून तिला हात लावायचा नाही. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून जो उद्योग सुरू केला, त्यातूनच पुढे कॅमलची बाटली घराघरांत आली. आमच्या थोरल्यांच्या लहानपणी मात्र पुडीच होती. ती पाण्यात कालवायची, रात्रभर ठेवायची, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची. मग दौतीत रेशमाच्या धाग्यांचा बोळा. उर्दूवाले त्याला सूफ म्हणत. त्या बोळ्यामुळे बोरूचं टोक तळावर आपटत नसे आणि शाई उचलली जाई ती नेमकी, एका शब्दापुरती. बोळा फार भिजला तर थेंब पडे, सुकला तर अक्षर अर्ध्यात तुटे. दर काही शब्दांनी हात दौतीपाशी जाई, आणि तेवढ्या वेळात पुढचा शब्द मनात जुळून येई.

हे सगळं गोड वाटतं, कारण आता ते करावं लागत नाही. खरं सांगायचं तर ती शाई वाईट होती. पुडीचा गाळ बसे, वाटीवाटीला रंग बदले, निळी तर पाण्याच्या एका शिंतोड्याने वाहून जाई. पावसाळ्यात आलेल्या कितीतरी पत्रांचा मजकूर पोस्टमनच्या पिशवीतच विरघळला. पक्की शाई हवी तर पेनाचा जीव धोक्यात. काजळी आणि डिंकाची शाई कागदावर बसते आणि शतकानुशतकं फिकी होत नाही. सालारजंग संग्रहालयातल्या हस्तलिखितांपुढे उभं राहिलं की तिचं सामर्थ्य डोळ्यांना दिसतं. पण हीच शाई झरणीत भरली की काजळीचे कण आत सुकून बसायचे आणि पेन कायमचं बंद. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी तर लाखेची, ती टाकाने लिहायची, झरणीत भरायचीच नाही. हिरडा आणि हिराकस यांची शाई लिहिताना फिकट दिसते, हवा लागली की काळी होते. पण तिच्यातलं आम्ल हळूहळू कागद खातं. जुन्या कागदांत कधीकधी अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक सापडतं, ते त्यामुळे.

हा टिकाऊपणाचा आणि वाहतेपणाचा तंटा आमच्या वेळी सुटणारा नव्हता. आज सुटला आहे. प्लॅटिनमची कार्बन काळी किंवा सेलरची किवागुरो या शायांमधले काळे कण इतके बारीक दळलेले असतात की ते झरणीतून वाहतात आणि कागदावर पाण्यालाही दाद देत नाहीत. पेन वेळच्या वेळी धुवायला हवं, एवढीच अट. आमच्या आजोबांना अशी बाटली मिळाली असती तर त्यांनी ती देवघरात ठेवली असती. म्हणून जुनी शाई बरी होती असं मी म्हणणार नाही. हळहळ दुसऱ्याच गोष्टीची आहे.

आमच्या गावात शाई एकट्याने निवडली जात नसे. दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस बाटली काढण्याआधी कागदाची पट्टी पुढे सरकवायचा. म्हणायचा, ‘पैले लिख के बताओ.’ मग आपण आपलं नाव लिहायचं. तो नावाकडे बघायचाच नाही. हात किती दाबतो, पेन किती तिरकं धरलंय, ओळ चढते की उतरते, हे बघायचा. मग पट्टी उजेडाकडे धरून शाई कागदात फुटते का ते पाहायचा. दाबून लिहिणाऱ्याला पातळ शाई देत नसत, डावखुऱ्याला हळू सुकणारी देत नसत, कारण त्याचा तळहात ओल्या अक्षरावरून फिरतो. लग्नपत्रिकेच्या गुळगुळीत कार्डाला एक शाई, वहीला दुसरी. आबिड्सला 1928 पासून असलेलं डेक्कन पेन स्टोअर्स आजही आहे, आणि पेन हातात घेऊन, लिहून बघून घ्यायचं असतं हे ज्यांना ठाऊक आहे अशी गिऱ्हाइकं तिथे आजही जातात. पण सगळं शहर असं शाई घेत होतं, तो काळ गेला.

आता शाई घेताना आपला हात कोणी बघत नाही. पडद्यावर रंगाचा चौकोन दिसतो, तो पडद्याचा रंग असतो. कोणीतरी उत्तम कागदावर काढलेली रेघ दिसते, तो त्याचा कागद असतो. बाटली घरी येते, आपल्या वहीवर उतरते आणि वेगळीच निघते. परत करायची सोय असते, विचारायची नसते.

छत्ता बाजाराचं सांगायचं राहिलं. तिथल्या अरुंद गल्लीत लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या शेजारी कातिब, म्हणजे छपाईसाठी हाताने उर्दू मजकूर लिहिणारे, बसत. 1949 साली निघालेला ‘सियासत’ असो की शहरातली इतर उर्दू दैनिकं, रोजच्या रोज सगळं पान हाताने लिहिलं जायचं. शिळाछापाच्या दिवसांत लेप दिलेल्या पिवळ्या कागदावर तेलकट शाईने लिहीत, आणि ते अक्षर दगडावर उतरवत. ती शाई तयार करणं हीच एक विद्या होती. घट्ट झाली तर कलम अडे, पातळ झाली तर दगडावर अक्षर पसरे. शाई जमली की नाही हे ते नखावर एक नुक्ता काढून बघत. आम्ही शाळेतून येताना तिथे थांबायचो. अक्षरं वाचता येत नसणारी मुलंही थांबायची. आमच्या बालबोध अक्षराला जे काही वळण लागलं, त्यातलं बरंचसं त्या उर्दू हातांकडे बघून लागलं, असं मला मनापासून वाटतं.

त्या कातिबांचं आयुष्य मात्र हेवा करण्याजोगं नव्हतं. बैठक मोडायची, डोळे जायचे, मजुरी पानावर मिळायची. रात्री उशिरा बातमी आली की लिहिलेलं खरवडून पुन्हा लिहायचं. 1981 साली लाहोरच्या ‘जंग’ने नूरी नस्तालीक वापरून संगणकावर पान जुळवलं, 1994 मध्ये उर्दू जुळणीचं इनपेज सॉफ्टवेअर आलं, आणि बघता बघता हैदराबादेतही कातिबाचं काम संपलं. वर्तमानपत्रं वेळेवर निघू लागली, दुरुस्ती एका कळीवर आली. ज्यांची नजर वाचली त्यांच्यासाठी हे चांगलंच झालं. पण रोटी गेली तीही त्यांचीच.

आज शहरात कॅलिग्राफीच्या कार्यशाळा होतात. मोडी शिकणारी मराठी मुलं पॅरलल पेनाने, जांभळ्या चमकत्या शाईने लिहितात, आणि छान लिहितात. त्यांना शाईचं रसायन आमच्याहून जास्त ठाऊक आहे. कोणत्या शाईत रंगद्रव्य विरघळलेलं असतं आणि कोणत्या शाईत कण असतात, हे ती पटकन सांगतात. त्यांच्याकडून आम्ही शिकतो. त्यांनी आमच्याकडून एकच घ्यावं असं वाटतं: बाटली मागवण्याआधी कार्यशाळेतल्या कोणाकडून तरी तिचे चार थेंब घ्यावेत आणि एका टेबलाशी बसावं. पुढ्यात वहीचं पान, पत्रिकेचं कार्ड आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचा तो पातळ कागद. तिन्हींवर आपलं नाव लिहावं, आणि लिहिताना शेजारच्याला आपल्या हाताकडे बघायला सांगावं.