लोखंडी माणसाचा पगार

चित्रकथांमधला यंत्रमानव सुरुवातीला फुकट राबत असे. ब्रिटनमधल्या 'लायन' साप्ताहिकाचा पहिला अंक 23 फेब्रुवारी 1952 रोजी निघाला आणि त्यात 'द जंगल रोबो' ही मालिका सुरू झाली. टेड रिची आणि केन डेल या दोघांनी दुरून बटणं दाबायची आणि पोलादी गड्याने रानात वाट काढायची, असा सगळा मामला. 1957 मध्ये तोच गडी 'रोबो आर्ची' होऊन परतला. पुढे त्याला वाचा फुटली आणि वाचा फुटताच तो स्वतःची तारीफ स्वतःच करू लागला. बुरुजासारख्या दिसणाऱ्या कालयानात बसून तो भूतकाळात आणि भविष्यात हिंडला. एवढं करूनही मोबदल्याचा विषय त्याने कधी काढला नाही. बढाईखोर असला तरी तो घरगडीच राहिला.

पैसे मोजून घेणारा, सुपारी घेतल्याशिवाय बंदूक न उचलणारा यंत्रमानव यायला आणखी तीस वर्षं जावी लागली. मधल्या काळात एक असा नायक झाला, जो धड यंत्र नव्हता आणि धड माणूसही नव्हता. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या नायकाला तमिळनाडूत जितका जिव्हाळा मिळाला तितका त्याच्या घरीही मिळाला नसेल.

लुई क्रँडेल हा एका प्रयोगशाळेतला सहायक. अपघातात त्याचा उजवा हात जातो आणि त्या जागी पोलादी पंजा बसतो. दुसऱ्या अपघातात विजेचा जबर धक्का बसतो आणि तो अदृश्य होतो. दिसतो फक्त पंजा. पुढे विजेचा झटका घेऊन हवं तेव्हा नाहीसं व्हायची युक्ती त्याला सापडते. 'द स्टील क्लॉ' ही मालिका 'व्हॅलियंट' साप्ताहिकाच्या 6 ऑक्टोबर 1962 च्या पहिल्या अंकापासून सुरू झाली. आदल्याच दिवशी लंडनमध्ये 'डॉक्टर नो' हा पहिला बाँडपट झळकला होता आणि त्यातल्या खलनायकाचे हातही धातूचे होते. हा योगायोगच, पण त्या काळाच्या मनात काय घोळत होतं ते त्यातून कळतं.

लेखक होते विज्ञानकथाकार केन बुल्मर. पुढे टॉम टली यांनी ती जबाबदारी घेतली. चित्रं बार्सिलोनाच्या हेसूस ब्लास्को यांची. रिकाम्या चौकटीत फक्त एक पंजा काढायचा, दाराच्या मुठीवर, टेलिफोनवर किंवा कोणाच्या गळ्याशी, आणि बाकीचा माणूस वाचकाने मनाने भरायचा. काळ्या-पांढऱ्या स्वस्त छपाईला याहून सोयीची कल्पना सापडणं कठीण. माणूस विरून जातो आणि यंत्राचा तुकडा तेवढा उरतो, ही त्यातली भीती ब्लास्को यांनी जाड सावल्यांत अचूक पकडली. पंजाचं चित्र आजही जुनं वाटत नाही. संवाद मात्र वाटतात.

पहिल्या कथांमधला क्रँडेल चक्क गुन्हेगार आहे. अपघाताने डोकं फिरलेला, जगावर सूड उगवणारा. मुलांच्या साप्ताहिकात असा नायक फार दिवस चालण्यासारखा नव्हता. लवकरच तो सुधारला आणि ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या 'शॅडो स्क्वॉड'मध्ये रुजू झाला. मग पंजाच्या बोटांत शस्त्रं आणि उपकरणं आली. बाँडपटांची चलती असल्यामुळे तेच अपेक्षित होतं. 1966 मध्ये दूरदर्शनच्या पडद्यावरच्या बॅटमनने मुलांना वेड लावलं, तेव्हा क्रँडेललाही अंगाबरोबरचा पोशाख चढवण्यात आला आणि काही काळाने उतरवण्यातही आला. मालिका 1970 मध्ये थांबली, 1971 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि 1973 मध्ये संपली. गुन्हेगार, सरकारी नोकर, पोशाखी महानायक ही त्याची स्थित्यंतरं कथेच्या आतल्या गरजेतून आलेली नाहीत. बाजारात दुसरं काय खपतंय ते पाहून ती ठरली. आर्ची गडी होता, तर क्रँडेल पगारी नोकर. आणि नोकराप्रमाणेच त्याच्या बदल्या वरून होत.

जानेवारी 1972 मध्ये, म्हणजे इंग्लंडमध्ये हा पंजा शेवटचे दिवस मोजत असताना, तमिळनाडूतल्या शिवकाशीत एम. सौंदरपांडियन यांनी 'मुत्तू कॉमिक्स' सुरू केलं. पहिलाच अंक होता 'इरुम्बुक्कै मायावी', म्हणजे लोखंडी हाताचा मायावी. फटाके आणि काड्यापेट्या बनवणाऱ्या, देवादिकांची कॅलेंडरं छापणाऱ्या गावात छपाईचं कौशल्य आणि यंत्रं आयती होती. इंग्लंडमध्ये आठवड्याला मोजकी पानं वाचून पुढच्या आठवड्यापर्यंत ताटकळायचं, तर इथे अख्खी कथा एका पुस्तकात. यामुळे नायकाचा स्वभावच पालटला. तुकड्यातुकड्याने वाचणाऱ्याला दर दोन पानांवरचा झटका लक्षात राहतो. सलग वाचणाऱ्याला माणूस लक्षात राहतो. शिवाय मूळ क्रम पाळण्याचं बंधन तमिळ वाचकावर नव्हतं. गुन्हेगार क्रँडेल, हेर क्रँडेल, पोशाखातला क्रँडेल हे त्याच्या दृष्टीने एकाच मायावीचे अवतार होते, आणि अवतार ही गोष्ट त्याला कोणी समजावून सांगावी लागत नव्हती.

ही पुस्तकं वाचणारा मुलूख कावेरीच्या त्रिभुज प्रदेशापर्यंत पसरलेला होता. तंजावरच्या उत्तरेला, कावेरीकाठी वसलेलं तिरुवैयारु त्यातलंच. मराठी वाचकाला हे गाव कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांच्या समाधीमुळे आणि तंजावरच्या भोसल्यांमुळे ठाऊक असतं. त्या घराण्याबरोबर आलेल्या कुटुंबांमध्ये घरी मराठी आणि शाळेत, बाजारात तमिळ अशी रीत पिढ्यानपिढ्या चालत आली. अशा घरातल्या मुलाने मायावी वाचला असेल तर तो तमिळमध्येच. एरवी मुलांसाठी पुस्तक छापणं ही तंजावरला नवी गोष्ट नव्हती. तिथले भोसले राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी देवनागरी छापखाना उभारला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत छापून घेतल्या. परदेशी गोष्ट घ्यायची, ती देशी भाषेत आणायची, स्थानिक छापखान्यात छापायची, हा शिवकाशीचा धंदा त्या अर्थाने सरफोजींच्या दरबारात आधीच होऊन गेला होता.

याच सरफोजींनी धन-नजराणे पाठवून त्यागराजांना (1767–1847) दरबारी बोलावलं आणि त्यागराजांनी ते परत केले, अशी परंपरेने सांगितली जाणारी हकीकत आहे. तिरुवैयारुत ती लहान मुलालाही पाठ असते. मोबदला घेतला की कोणाचं गाणं गायचं हे देणारा ठरवतो, हा त्यातला मुद्दा. त्याच गावच्या दुकानातून मायावीचं पुस्तक नेणाऱ्या मुलाच्या डोक्यात या दोन गोष्टी शेजारी बसल्या असतील असं म्हणणं ओढूनताणून होईल. तरीही क्रँडेलच्या बदल्या आणि ते परत गेलेले नजराणे एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत.

1984 मध्ये सौंदरपांडियन यांचे चिरंजीव एस. विजयन यांनी 'लायन कॉमिक्स' काढलं. आर्ची तमिळमध्ये आला तो इथे. वाचकांनी त्याला लाडाने 'चट्टित्तलैयन', म्हणजे मडक्यासारख्या डोक्याचा, म्हणायला सुरुवात केली. त्याच्याबरोबर 'स्पायडर' आला. तोही मूळचा गुन्हेगार आणि पुढे सुधारलेला. त्याच्या बऱ्याच कथा जेरी सीगल यांनी लिहिल्या होत्या. जो शुस्टर यांच्यासह सुपरमॅन निर्माण करून त्याचे हक्क 1938 मध्ये 130 डॉलरना विकून बसलेले हेच ते सीगल. पात्राला पगार मिळो न मिळो, पात्र घडवणाऱ्याला पानांच्या हिशेबाने पैसे मिळत आणि पात्र मालकाचं होई, हा तेव्हाचा रिवाज होता. ब्रिटिश साप्ताहिकांत तर लेखक-चित्रकाराचं नावही छापत नसत.

या पार्श्वभूमीवर 1987 मध्ये खरा सुपारीबाज यंत्रमानव जन्माला आला. मार्व्हल कंपनीच्या ब्रिटिश शाखेच्या 'ट्रान्सफॉर्मर्स' साप्ताहिकात लेखक सायमन फर्मन यांना एका कथेपुरता शिकारी हवा होता. गॅल्व्हाट्रॉन या खलनायक यंत्रमानवाला जिवंत किंवा मृत पकडून देणाऱ्याला इनाम जाहीर होतं आणि 113 व्या अंकात तो उगवतो. नाव 'डेथ्स हेड'. जेफ सीनियर यांनी काढलेला शिंगांचा, सुळ्यांचा चेहरा पाहून फर्मन यांचं मन पालटलं आणि कथेबरोबर संपायचा होता तो टिकला. 'ट्रान्सफॉर्मर्स' हा खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रोचा माल. त्या पानांवर जन्मलेलं पात्र हॅस्ब्रोकडे जाण्याची भीती होती, म्हणून मार्व्हलने ब्रायन हिच यांच्याकडून 'हाय नून टेक्स' ही एका पानाची स्वतंत्र चित्रकथा काढून घेतली आणि आपला हक्क पक्का केला. इनामासाठी फिरणाऱ्याच्या जन्मदाखल्यावरच मालकीचा शिक्का आहे, हे त्याच्या स्वभावाला शोभून दिसतं.

तो स्वभाव मोठा मजेदार आहे. 'इनामी शिकारी' म्हटलेलं त्याला खपत नाही; तो स्वतःला स्वतंत्र व्यवसाय करणारा शांतिरक्षक म्हणवतो. वाक्याच्या शेवटी 'होय ना?' अशा सुरात एक शब्द जोडायची त्याला खोड आहे. तो ठेकेदार आहे, आणि ठेक्यात लिहिलेलं तेवढंच करतो. यंत्र मागावर सोडायची कल्पना तशी जुनी. 'लोकपञ्ञत्ति' या पाली ग्रंथात रोम देशातलं यंत्रांचं गुपित घेऊन पळालेल्या कारागिराला तिथलीच मारेकरी यंत्रं गाठून ठार करतात, अशी कथा आहे. ती यंत्रं हुकमाची ताबेदार. डेथ्स हेडचं वेगळेपण हे की तो आधी भाव ठरवतो.

ट्रान्सफॉर्मर्सच्या जगात तो इमारतीएवढा होता. 1988 मध्ये 'डॉक्टर हू' या दूरचित्रवाणी मालिकेच्या मासिकात त्याची तिच्या नायकाशी, सातव्या डॉक्टरशी, गाठ घालून त्याला माणसाएवढा करण्यात आला, म्हणजे मार्व्हलच्या इतर पात्रांबरोबर तो वावरू शकेल. मग स्वतःची दहा अंकांची मालिका, आणि 1990 मध्ये 'द बॉडी इन क्वेश्चन'मध्ये जन्मकथा: त्याचं शरीर दुसऱ्याच कोणी स्वतःला वापरायला घडवलं होतं. 1992 मध्ये डॅन ॲबनेट आणि लियाम शार्प यांनी त्याला मारून मिनियन नावाच्या नव्या यंत्रदेहात त्याचं मन घातलं. स्नायूंनी फुगलेला हा 'डेथ्स हेड 2' धडाक्यात खपला, आणि त्या दशकातला सगळा भडकपणा त्याच्यात उतरला. जुन्याचा तिरकसपणा त्यात नव्हता. पुढे जुनाच परतला. 2019 मध्ये टिनी हॉवर्ड आणि केई झामा यांनी त्याला चार अंकांची मालिका दिली.

क्रँडेल आणि आर्ची आज ऑक्सफर्डच्या रिबेलियन कंपनीकडे आहेत आणि डेथ्स हेड मार्व्हलबरोबर 2009 मध्ये डिस्नेच्या ताब्यात गेला. तमिळमध्ये मायावीच्या नावाचा चित्रपट दिग्दर्शक लोकेश कनकराज यांच्या मनात बराच काळ आहे. शिवकाशीहून लायन-मुत्तूची पुस्तकं अजून निघतात. जुने वाचक मायावीच्या पुनर्मुद्रणाची वाट पाहतात, पण तिथला आजचा मोठा नायक इटलीतून आलेला टेक्स विलर आहे. तो घोड्यावर बसतो, फरारी गुन्हेगारांच्या मागावर असतो, आणि ज्या पश्चिमी वाळवंटात फिरतो तिथूनच 'जिवंत किंवा मृत' ही जाहिरात डेथ्स हेडच्या कथेत गेली होती.