महमूद गावानचा मदरसा

बीदर शहरात चौबारा या जुन्या टेहळणी मनोऱ्यापासून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर महमूद गावानचा मदरसा लागतो. आधी नजरेत भरतो तो मिनार. भक्कम, तीन टप्प्यांचा, अंगावर झिलईच्या फरशांची लहरिया नक्षी. जवळ जाऊन पाहावं तर बऱ्याच फरशा निखळलेल्या, मागचा चुना उघडा पडलेला. पण ज्या टिकल्या त्यांतला गडद निळा साडेपाचशे पावसाळे झेलूनही तजेलदार आहे. त्याच्या शेजारी पांढरा, पिवळा, हिरवा. भिंतीवर याच फरशांत घडवलेली कुराणातली वचनं आहेत. मजकूर न कळणाऱ्यालाही त्या अक्षरांची उभी-आडवी लय खिळवून ठेवते.

मिनार एकटाच आहे. दर्शनी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा जोडीदार होता आणि मधोमध मोठं प्रवेशद्वार. 1657 मध्ये बीदर औरंगजेबाच्या हाती गेलं आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांत सैनिक राहू लागले. काही दालनांत तोफांची दारू साठवली गेली. 1696च्या सुमारास तिचा स्फोट झाला आणि समोरची निम्मी बाजू प्रवेशद्वारासकट उडाली. ग्रंथ ठेवायच्या वास्तूत दारू ठेवली गेली, हे तिथे उभं राहून आठवलं की आजही चीड येते.

गावान मूळचा इराणमधल्या गीलानचा. व्यापाराच्या निमित्ताने 1453च्या सुमारास तो कोकणात दाभोळ बंदरावर उतरला, तिथून बीदरला आला आणि बहामनी दरबारात चढत चढत वजीर झाला. खेळणा म्हणजे आपला विशाळगड त्याने जिंकला आणि 1472 मध्ये गोवाही घेतला. मदरसा पुरा झाला तो याच सुमारास. त्याचा कालश्लेष एका प्रार्थनेत आहे. काबागृहाचा पाया रचताना इब्राहिमने केलेली ही प्रार्थना. तिच्या अक्षरांची किंमत मांडली की बेरीज होते 876, आणि तेच मदरशाचं हिजरी साल.

आत शिरलं की मोकळं चौकोनी अंगण लागतं आणि इमारतीची मांडणी ध्यानात येते. सुमारे 205 फूट लांब आणि 180 फूट रुंद अशी ही तीनमजली वास्तू. अंगणाच्या बाजूंना मधोमध उंच कमानी आणि त्यांच्या दोन्ही अंगांना खोल्यांच्या ओळी. समरकंद, खुरासानातल्या मदरशांची हीच रीत. दख्खनच्या इतर इमारतींत परदेशी आणि देशी घडण एकमेकांत मुरलेली दिसते. इथे मात्र इराणी मदरसा जवळजवळ जसाच्या तसा दख्खनच्या पठारावर आणून उभा केलाय. व्याख्यानाची दालनं मजल्यांत न चिरता थेट छतापर्यंत उंच नेली आहेत, त्यामुळे उजेड आणि वारा भरपूर. विद्यार्थ्यांसाठी छत्तीस खोल्या, शिक्षकांसाठी सहा निवासस्थानं आणि तीन हजार हस्तलिखितांचं ग्रंथालय होतं, असं सांगतात. बहुतेक पाहुणे मिनाराचे फोटो काढून परततात, पण खरी इमारत मागे आहे. एखाद्या खोलीच्या जाड भिंतीला टेकून थोडा वेळ बसावं. दूरदेशाहून शिकायला आलेल्या पोरांची रोजची उठबस अशाच खोल्यांत होती.

शिक्षकही दूरदूरचे हवे होते. हेरातचा कवी जामी यानं इथे यावं म्हणून गावानने पत्रं लिहिली. जामी आला नाही, पण दोघांचा पत्रव्यवहार झाला. गावान पत्रलेखनातला उस्ताद. त्याच्या फारसी पत्रांचा ‘रियाज-उल-इन्शा’ हा संग्रह आजही अभ्यासला जातो. आणि त्याचा जीव गेला तो एका बनावट पत्रानं. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला फितुरीचा मजकूर लिहून सुलतानापुढे ठेवला. शिक्का माझा, मजकूर माझा नाही, असं म्हातारा गावान सांगत राहिला. 5 एप्रिल 1481 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी सुलतान तिसरा महंमदशाह वारला आणि काही दशकांत बहामनी राज्याचे पाच तुकडे झाले.

इतिहासकार फिरिश्त्याच्या ग्रंथात लिहिलंय, की एवढ्या मोठ्या वजिराचं घर तपासलं तर झोपायला चटई आणि स्वयंपाकाला मातीची भांडी. मदरशाचा थाट पाहून आल्यावर ही नोंद वाचावी, म्हणजे पैसा कुठे गेला ते कळतं.

बीदर मराठी माणसाला परकं नाही. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके 1956पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. आजही बीदरच्या बाजारात मराठी सहज कानावर पडते. तरी मराठवाड्यातल्या शाळांच्या सहली या वाटेने फार जात नाहीत. उदगीरहून निघालं तर एका दिवसात आरामात जाऊन-येऊन होतं. फक्त निघायचं पहाटे. दर्शनी भिंत पूर्वेकडे तोंड करून आहे, दुपारनंतर ती सावलीत जाते, आणि फरशांचे रंग पाहायचे तर सकाळचं कोवळं ऊनच हवं.