साठ आणि आठ

आमचे गाव वरणगाव. भुसावळहून मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर ते लागते. बाहेरच्या लोकांना ते ओळखीचे आहे ते आयुध निर्माणीमुळे. ही निर्माणी १९६४ साली येथे उभी राहिली. आमच्या मोहल्ल्याची खूण मात्र वेगळी होती. कोणी पत्ता विचारला, की लोक सांगत, ''पिठाची चक्की ऐकू येईल, तिकडे वळा.'' ती चक्की माझ्या अब्बांची.

बत्तीस वर्षे अब्बांनी ती चक्की चालवली. सकाळी आठला मोटार सुरू होई, पट्टा फिरू लागे आणि आमच्या घराच्या भिंतीसुद्धा थरथरत. बायका डबे रांगेत ठेवून जात. ज्वारी, बाजरी, गहू आणि भाकरीसाठी कळणा. अब्बांचा कान फार तयार होता. दगडाच्या आवाजावरून ते सांगत, ''आता ज्वारी संपली, कळणा सुरू झाला.'' दगडाला टाकी लावायची वेळ झाली, हेही त्यांना आवाजावरूनच कळे. आम्ही मुले चक्कीत गेलो, तर शेजारी उभे राहूनही ओरडून बोलावे लागे. त्यात काही वाईट आहे, असे तेव्हा कोणालाच वाटले नाही.

दोन वर्षांपूर्वी गुडघे दुखू लागले म्हणून अब्बांनी चक्की विकली. घर एकदम शांत झाले. त्या शांततेत आम्हांला एक गोष्ट जाणवू लागली. अब्बा कमी बोलू लागले होते. सकाळच्या गजरासाठी मी त्यांना एक छोटे घड्याळ आणून दिले होते. त्याचा बारीक 'पीं पीं' आवाज त्यांना ऐकूच येत नसे. दारावर कोणी धाडकन हात मारला, तर मात्र ते लगेच उठत. एके दिवशी किराणा दुकानदार म्हणाला, ''चाचा, साठ रुपये झाले.'' अब्बांनी मोजून आठ रुपये पुढे केले. दुकानातील मुले हसली. अब्बाही हसले, पण त्या दिवसापासून त्यांनी दुकानात जाणे सोडले. हळूहळू रेडिओही बंद झाला. रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेल्या गीतमालेचे आणि अमीन सयानींच्या आवाजाचे ते जुने भक्त होते. ''आता पूर्वीसारखी मजा नाही,'' एवढेच ते म्हणत.

याच सुमारास मी घरी एक जुना संगणक घेतला. मी शाळेत शिक्षक आहे. धडे तयार करायला तो मला हवा होता. संगणक आला, पण त्याचा आवाज डबीत अडकलेल्या माशीसारखा होता. स्पीकर घ्यायचे ठरले आणि घरात वाद सुरू झाला.

धाकटा भाऊ म्हणाला, ''भाईजान, खेळासाठी घ्या. मागून कोण येते आहे, हे आवाजावरून कळले पाहिजे.'' बहीण म्हणाली, ''खेळ कसले? गाण्यांसाठी घ्या. सारंगी सारंगीसारखी वाजली पाहिजे.'' अम्मीला चित्रपटातले संवाद नीट ऐकायचे होते. मी अब्बांना विचारले. ते म्हणाले, ''मला काय बेटा, मला सगळे सारखेच.'' मग त्यांनी कपाटातून तीन हजार रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. चक्की विकून आलेल्या पैशांतले ते होते.

मी घाई केली. एका दुकानात गेलो आणि सर्वांत मोठे खोके उचलले. त्यावर मोठ्या अक्षरांत पाच हजार वॉट असे छापलेले होते. इतक्या कमी पैशांत इतके वॉट! मला फार आनंद झाला. घरी आणून ते सुरू केले. धम्‌ धम्‌ आवाजाने मांडणीवरची भांडी वाजू लागली. भाऊ नाचू लागला. अब्बा थोडा वेळ बसले, मग उठून अंगणात गेले. मी मागोमाग गेलो. ते म्हणाले, ''बेटा, ही तर आपलीच चक्की. ती मी विकली, तू पुन्हा विकत आणलीस.''

मला फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या विज्ञानाच्या सरांना मी हे सांगितले. त्यांनी फळ्याजवळ उभे करून मला विद्यार्थ्यासारखे शिकवले. मुलांनो, ते सारे मी तुम्हांलाही सांगतो.

आवाज म्हणजे हवेचे कंपन. एका सेकंदात किती कंपने होतात, त्याला वारंवारता म्हणतात. ती हर्ट्झमध्ये मोजतात. निरोगी तरुण कान सुमारे २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. ढोलाचा, मेघगर्जनेचा आवाज खालचा, म्हणजे खर्जाचा. चिमणीचा आवाज वरचा, म्हणजे बारीक. स्पीकरमध्ये खर्जासाठी मोठा पडदा असतो, त्याला वूफर म्हणतात. बारीक आवाजासाठी लहान पडदा असतो, त्याला ट्विटर म्हणतात. मोठा पडदा पुष्कळ हवा ढकलू शकतो. पण झरझर हलू शकत नाही. लहान पडद्याचे याच्या उलट असते.

आता आपले बोलणे पाहा. 'आ', 'ओ', 'ऊ' या स्वरांचा जोर खालच्या भागात असतो. पण 'स', 'श', 'फ' या अक्षरांचा आवाज वरच्या भागात असतो. 'साठ' या शब्दातला 'स' गळाला, की काय उरते? 'आठ' उरते! सरांनी हे फळ्यावर लिहिले आणि माझ्या डोळ्यांसमोर किराणा दुकानातले अब्बा उभे राहिले. अब्बांना आवाज कमी ऐकू येत नव्हता. त्यांना अर्धेच अक्षर ऐकू येत होते. आणि मी त्यांच्यासाठी असे यंत्र आणले होते, की जे खर्जाच्या धमाक्याखाली उरलेली अक्षरेही बुडवून टाकत होते.

मग मी त्या पाच हजार वॉटविषयी विचारले. सर हसले. खोक्यावर 'पीएमपीओ' असे लिहिलेले असेल, तर तो आकडा क्षणभराच्या उसळीचा असतो. तो मोजण्याची सर्वांनी मानलेली एक रीत नाही. स्पीकर सतत किती शक्ती देऊ शकतो, हे पाहायचे असेल तर 'आरएमएस' हा आकडा पाहावा. घरातल्या खोलीला दहावीस वॉट आरएमएस पुष्कळ होतात. शिवाय वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट मोठा वाटत नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते.

दुकानदार दोन दशांश शून्य, दोन दशांश एक, पाच दशांश एक असे आकडे सांगतात. त्यांचा अर्थही सोपा आहे. पहिला आकडा स्पीकरांचा, दुसरा आकडा खर्जाच्या वेगळ्या पेटीचा. दोन स्पीकर असतील, तर डावे-उजवे कळते. पाच असतील, तर मागचेही कळते. ही डाव्या-उजव्याची युक्ती इंग्लंडमधील ॲलन ब्लमलाइन या अभियंत्याने १९३१ साली मांडली. तेव्हा चित्रपटगृहात नट पडद्याच्या एका टोकाला असे आणि आवाज दुसरीकडून येई. ते त्याला खटकले. त्याच वर्षी, १४ मार्च १९३१ रोजी, मुंबईत 'आलम आरा' हा आपल्या देशातील पहिला बोलपट झळकला. एकीकडे चित्रपट बोलू लागला होता आणि दुसरीकडे तो कोठून बोलतो, याचा विचार सुरू झाला होता.

मी पहिल्या दुकानात गेलो आणि माझी चूक सांगितली. दुकानदार भला होता. थोडे पैसे कापून त्याने ते खोके परत घेतले. पुढच्या रविवारी मी, भाऊ, बहीण आणि अब्बा एस.टी.ने भुसावळमार्गे जळगावला गेलो. अब्बा येत नव्हते. ''तुम्ही आल्याशिवाय मी घेणार नाही,'' असे मी म्हणालो, तेव्हा ते आले.

गोलाणी मार्केटमधल्या एका दुकानात आम्ही शिरलो. या वेळी मी तयारीने गेलो होतो. माझ्या मोबाइलमध्ये चार गोष्टी होत्या : भावाच्या खेळाचा तुकडा, बहिणीचे सारंगीचे गाणे, अम्मीने निवडलेला चित्रपटातील एक प्रसंग आणि माझ्या स्वतःच्या आवाजात चार शब्द. ते शब्द होते 'साठ', 'आठ', 'सात', 'हात'. प्रत्येक जोडीवर हे सारे एकाच मोठेपणाने वाजवायचे, असे मी दुकानदाराला सांगितले. कारण जो आवाज मोठा, तोच आपल्याला चांगला वाटतो. तेथे माणूस फसतो.

पहिल्या संचाला मोठा वूफर होता. भावाचा चेहरा फुलला. अब्बा म्हणाले, ''आठ, आठ, हात, हात.'' दुसरा स्पीकर एकच, तारेविना चालणारा होता. दिसायला सुंदर, पण खेळात बंदूक आधी दिसे आणि आवाज क्षणभर मागून येई. भावाने स्वतःच मान हलवली. बिनतारी जोडणीत असा उशीर पुष्कळदा होतो. खेळायचे असेल, तर तारच बरी. शिवाय एकाच पेटीतून डावे-उजवेही कळेना.

तिसरी जोडी साधी होती. दोन लाकडी पेट्या, प्रत्येकीत एक लहानसा वूफर आणि त्याच्यावर एक ट्विटर. मागे खर्जाची आणि बारीक आवाजाची वेगवेगळी बटणे. सारंगी वाजली. बहीण काही बोलली नाही, नुसती ऐकत राहिली. मग मी खर्जाचे बटण थोडे खाली आणि बारीक आवाजाचे थोडे वर केले आणि ते चार शब्द लावले.

अब्बा पुढे झुकले. ''साठ,'' ते म्हणाले. थांबले. ''आठ. सात. हात.''

मी शब्दांचा क्रम बदलून पुन्हा लावले. त्यांनी पुन्हा बरोबर सांगितले. दुकानदाराला यातले काही ठाऊक नव्हते. तो सहज म्हणाला, ''चाचा, कान तर अजून पक्के आहेत!'' अब्बांनी तोंड फिरवून खिशातून रुमाल काढला. त्या जोडीचे सव्वीसशे रुपये झाले. भावाने धमाक्याचा आग्रह धरला नाही. खोके त्यानेच बसमध्ये मांडीवर घेतले.

घरी आल्यावर स्पीकर ठेवायची जागा ठरवली. कोपऱ्यात ठेवले, तर भिंतींमुळे खर्ज वाढतो. म्हणून ते भिंतीपासून थोडे पुढे घेतले. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणले. दोन स्पीकर आणि अब्बांची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण केला. त्या रात्री जुन्या गीतमालेचे ध्वनिमुद्रण लावले. अमीन सयानींचा आवाज खोलीच्या मधोमध उभा राहिला. अब्बा एकेका शब्दाला मान हलवत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, ''बेटा, म्हणजे मजा गेली नव्हती. माझे ऐकणे गेले होते.''

मुलांनो, गोष्ट येथे संपली असती, तर स्पीकरने अब्बांचे कान बरे केले, असे तुम्हांला वाटले असते. तसे होत नाही. पण आपले काय हरवले आहे, हे त्या दिवशी अब्बांना कळले. आजवर दवाखान्याचे नाव काढू न देणारे अब्बा स्वतः म्हणाले, ''कान दाखवून येऊ.'' भुसावळच्या डॉक्टरांनी तपासणी केली. त्यांनी सांगितले, की आपल्या प्रत्येक कानात आत सुमारे १५,००० सूक्ष्म पेशी आवाज टिपतात. वर्षानुवर्षे मोठा आवाज कानांवर पडला, की त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. बत्तीस वर्षांच्या चक्कीने अब्बांचा 'स' दळून टाकला होता. आता ते कानात यंत्र लावतात. किराणा दुकानात स्वतः जातात आणि सुटे पैसे दोनदा मोजून घेतात.

आमच्या घरात आता एक नियम आहे. आवाजाचे बटण अर्ध्याच्या वर न्यायचे नाही. आणि हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर आवाज कमी करायचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. आवाज त्याहून वाढला, की तास झपाट्याने कमी होतात. भाऊ कधी विसरला, तर त्याला कोणी रागावत नाही. अब्बा आपल्या खुर्चीतून नुसते विचारतात, ''किती वाजले रे? साठ की आठ?'' भाऊ हसतो आणि बटण खाली करतो.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोहल्ल्याची खूण कोणती होती?
(आ) अब्बांना घड्याळाचा गजर का ऐकू येत नसे?
(इ) ब्लमलाइन यांना चित्रपटगृहात कोणती गोष्ट खटकली?

२. कारणे द्या.
(अ) अब्बांनी किराणा दुकानात जाणे सोडले.
(आ) लेखकाने पहिले स्पीकर परत केले.
(इ) सर्व स्पीकर एकाच मोठेपणाने वाजवायचे, असे लेखकाने सांगितले.

३. ''ती मी विकली, तू पुन्हा विकत आणलीस.'' हे वाक्य कोण कोणास व केव्हा म्हणाले?

४. 'साठ-आठ', 'सात-हात' यांसारख्या शब्दांच्या आणखी पाच जोड्या लिहा. त्या घरातील वडीलधाऱ्यांना हळू आवाजात वाचून दाखवा.