उलटी बाजू

साधारण सत्तर मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच. एवढ्याशा पट्टीवर एक अख्खी लढाई बसवलीये, तीही सुई-दोऱ्यानं! फ्रान्समधल्या बायू गावची ही ठेव. जगभर तिला 'बायू टेपेस्ट्री' म्हणतात, पण ती टेपेस्ट्री नाहीच. टेपेस्ट्रीची नक्षी मागावरच विणली जाते, पैठणीच्या पदरावरच्या मोरासारखी. हे सरळ भरतकाम आहे. लिननवर लोकरीचे दोरे, बस्स.

कथा सोपी. १०६६ साली इंग्लंडचा राजा एडवर्ड निपुत्रिक वारला आणि हॅरॉल्ड गादीवर बसला. नॉर्मंडीचा विल्यम म्हणाला, गादी माझी, तू तर मला शपथ दिली होतीस! मग जहाजं, घोडे, आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जची लढाई. हॅरॉल्ड पडला, विल्यम राजा झाला. मध्येच आकाशात एक शेपटीवाला तारा दिसतो, तो हॅलेचा धूमकेतू बरं का.

आता यात काय नाही ते बघा. २५ सप्टेंबरला, म्हणजे तीन आठवडेही आधी नाही, हॅरॉल्डनं उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाचं आक्रमण मोडून काढलं होतं. तिथून तो तातडीनं दक्षिणेला आला. सत्तर मीटरमध्ये याला एक टाकासुद्धा नाही! बहुतेक अभ्यासकांच्या मते हे काम करवून घेतलं विल्यमचा सावत्र भाऊ बिशप ओडो यानं. आणि भरलं बहुधा इंग्लंडमध्ये... म्हणजे हरलेल्यांच्या हातांनी.

प्रोजेक्ट संपल्यावरची प्रेझेंटेशनं मी बरीच पाहिलीत. स्लाइडवर लाँचची तारीख असते, आदल्या रात्री सर्व्हर उभा करणारा नसतो. त्यामुळे स्टॅमफर्ड ब्रिज फार ओळखीचं वाटतं.

डोळ्यात बाण घुसलेला हॅरॉल्ड तर सगळ्यात प्रसिद्ध. पण १७२९ च्या सुमाराच्या एका नकलेत त्या काठीला बाणाची पिसंच नाहीत! ती दिसतात एकोणिसाव्या शतकातल्या नकलेत. याला आम्ही दुसऱ्याच्या कोडमध्ये न सांगता केलेला बदल म्हणतो.

आणि एल्फगिवा! शेकडो पुरुषांच्या गर्दीत मुख्य पट्ट्यात बायका तीनच, त्यातली ही एक. एक पाद्री तिच्या चेहऱ्याला हात लावतोय आणि वर लॅटिनमध्ये एवढंच, की इथे एक पाद्री आणि एल्फगिवा... वाक्याला क्रियापदच नाही. तेव्हा सगळ्यांना ठाऊक असणार, म्हणून कुणी लिहिलं नाही. आज कुणालाच सांगता येत नाही. 'ऑब्व्हियस आहे रे' म्हणत डॉक्युमेंटेशन टाळणाऱ्या मंडळींनी नोंद घ्यावी!

माझी आई कुणाचंही भरतकाम हातात आलं की आधी उलटं करून बघते. गाठी, लांब ओढलेले दोरे, उसवून परत घातलेले टाके... खरं काम तिथे कळतं, म्हणते. १९८२-८३ मध्ये बायूलाही अस्तर काढून मागची बाजू अशीच तपासली गेली. पुढून दिसते ती ओडोला हवी तशी गोष्ट. मागे असतात फक्त हात. त्यांची नावं कुठेच नाहीत.

जाता जाता, पट्टीचं शेवटचं टोक हरवलंय. तिथे विल्यमचा राज्याभिषेक असावा, असा अंदाज आहे. एवढा खटाटोप करून नेमका तोच प्रसंग गायब!

सप्टेंबर २०२६ ते जुलै २०२७ ही पट्टी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवायचं २०२५ साली जाहीर झालंय. लंडनकर मित्रहो, जमलं तर बघाच. काचेतून उलटी बाजू दिसणार नाही, पण ती आहे हे लक्षात असू द्या.