पोत्याचं तोंड

‘आधी चप्पल काढ, मग हात लाव.’ अनंत चतुर्दशीला मुठेच्या घाटावर एक काकू मला म्हणाल्या. मी निर्माल्याच्या कलशापाशी उभी होते. अंगात एनएसएसचा टी-शर्ट, पायाखाली चिखल. चप्पल काढली. काकूंनी दूर्वांची जुडी माझ्या ओंजळीत ठेवली आणि जाता जाता मलाच नमस्कार केला. त्या नमस्काराचं काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं.

शिकवलं होतं ते असं : एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, २४ सप्टेंबर १९६९ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यरथाचं चाक. आठ आरे म्हणजे आठ प्रहर, स्वयंसेवक चोवीस तास तयार. माझ्या मैत्रिणी त्यातले निदान तीन प्रहर झोपतात. बरेचजण सवलतीच्या गुणांसाठी येतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. माणूस कशासाठी आला यापेक्षा घमेलं कसं उचलतो ते बघावं.

घमेलं मी पहिल्यांदा उचललं भोरकडच्या एका गावात, डिसेंबरातल्या शिबिरात. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक. बौद्धिकात वक्ते ‘युवाशक्ती’ म्हणायचे आणि युवाशक्ती पेंगायची. श्रमदान होतं वनराई बंधाऱ्याचं. सिमेंटची रिकामी पोती मातीने भरायची आणि ओढ्यात आडवी रचायची, एवढंच. एवढंच असं आम्हालाही वाटलं होतं. आम्ही जोशात पोती गळ्यापर्यंत भरली. काठावर बसलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी उठले आणि म्हणाले, ‘गच्च भरू नगा पोरींनो, पोत्याला बसाया जागा पायजे.’ गच्च पोतं गोल होतं, दोन गोल पोत्यांमध्ये फट राहते आणि पाणी ती फट बरोबर शोधून काढतं. थोडं रिकामं ठेवलं तर पोतं पसरतं, शेजारच्याला चिकटतं. मग त्यांनी खिशातून दाभण काढलं. पोत्याचं तोंड कसं दुमडायचं, सुतळीचा टाका कुठे घ्यायचा, सगळं दाखवलं. वरच्या थरातलं पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावरच आलं पाहिजे, नाहीतर पुन्हा रचा. वाळू नको, तिच्यातून पाणी झिरपतं. चिकट माती आणा. आमचा बांध दोनदा उसकटवला त्यांनी. सर घड्याळ बघत होते, पाहुणे उद्घाटनाला यायचे होते. आजोबांना पाहुण्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाले. फोटोत आजोबा नाहीत; ते खालच्या अंगाला वाकून कुठे ओल फुटतेय का ते चाचपत होते. संध्याकाळपर्यंत पाणी घोट्यावरून पोटरीपर्यंत चढलं. आम्ही उड्या मारल्या, तर ते म्हणाले, ‘पावसाळ्यात जाईल वाहून.’ पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पोती. त्यांना त्याचं दुःख अजिबात नव्हतं.

आमच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या सेटचंही तसंच. महिनाभर ठोकलेली खिडकी एका प्रयोगानंतर टेम्पोत. १९६३पासून ही स्पर्धा चालू आहे. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ घुमला की माझ्या अंगावर अजूनही काटा येतो, घोषणाबाजी एरवी मला मुळीच आवडत नसली तरी. मी बॅकस्टेजला असते. विंगेतून नाटक अर्धंच दिसतं, तेही बाजूने. पण प्रेक्षकांना न दिसणारं पुष्कळ दिसतं. आमची नायिका हुंदके देते तेव्हा तिच्या उजव्या पायाची बोटं चपलेत शांतपणे आकडे मोजत असतात, पुढच्या वाक्यापर्यंतचे. हॉलमध्ये लोक डोळे पुसतात आणि मला त्या बोटांचं कौतुक वाटतं. परीक्षकांनी एखादी तरी एकांकिका विंगेत उभं राहून बघावी आणि मग गुण द्यावेत.